जास्तीचे चौदा

दोनदाबाईंना दोनदाबाई म्हणतात ते उगाच नाही. घराला कुलूप लावून रस्त्याच्या टोकापर्यंत गेल्या की परत येऊन त्या कुलूप ओढून बघतात. आमटीत मीठ घातलं का, हे नवऱ्याला विचारतात आणि तो 'घातलंस' म्हणाला तरी चाखून बघतात. लग्नाला होकार दिला तोही दोनदा. पहिला दिला, मग बरेच दिवस तळ्यात-मळ्यात केलं आणि नवरदेवाकडच्यांनी नाद सोडल्यावर दुसरा दिला. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. तो भेटेल त्याला सांगतो, की माझी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती आणि हिने अखेर वरचं बटण दाबलं. हा विनोद त्याने इतक्या वेळा केलाय की आता त्यावर तो एकटाच हसतो.

अशा बाईच्या नशिबात नोकरी आली ती नेमकी खात्री देण्याची. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात, बिनखिडक्यांच्या गार खोलीत मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र आहे. ते बाई चालवतात. नोकरी कशी लागली तर मुलाखतीत साहेबांनी विचारलेला प्रश्न यांनी उलट त्यांनाच विचारला, की तुम्हाला नक्की हेच विचारायचंय ना? बाकीचे उमेदवार धडाधड उत्तरं देऊन गेले होते. साहेब म्हणाले, या यंत्रापाशी असलंच शंकेखोर माणूस हवं. बाईंना हे कौतुक आहे की टोमणा, ते आजतागायत कळलेलं नाही.

काम सांगायला सोपं आहे. रुग्णाच्या शरीरातला एक पातळ काप येतो. त्यात कुठलं प्रथिन साचलंय आणि त्या प्रथिनात काही खोट आहे का, हे सांगायचं. प्रथिन म्हणजे मण्यांची लांबच लांब माळ. एन्झाइम घालून तिचे छोटे तुकडे करायचे, त्यांना पेप्टाइड म्हणतात. त्यांना विजेचा भार द्यायचा, निर्वातात उडवायचं आणि वजन करायचं. पण नुसत्या वजनावरून मण्यांचा क्रम कळत नाही. म्हणून हव्या त्या पेप्टाइडला बाजूला काढून आणखी फोडायचं, आणि फुटलेल्या कपच्यांची वजनं लावून कुठला मणी कुठे होता ते ओळखायचं. आता फोडायचं कसं, इथे सगळी गोम आहे.

बाईंकडे फोडायच्या दोन पद्धती. एक टकरीची. पेप्टाइडला वायूच्या रेणूंवर आपटायचं. ते तापतं आणि जिथे कच्चं असेल तिथे आधी फुटतं. ही पद्धत जलद आणि भरवशाची, पण आडदांड. दुसरी इलेक्ट्रॉनची. पेप्टाइडच्या हातावर एक इलेक्ट्रॉन ठेवायचा, की ते न तापता माळेच्या दोऱ्यावरच तुटतं आणि मण्यांना चिकटलेल्या नाजूक गोष्टी जागच्या जागी राहतात. ही पद्धत मोठी समंजस, पण लहरी. बाई पहिलीला थोरली म्हणतात, दुसरीला धाकटी. दोघी एकच बोलल्या तरच बाईंचा जीव थाऱ्यावर येतो. तिसरीही एक आहे, लेझरच्या प्रकाशाने फोडायची, पण ती बाईंनी फक्त यंत्र विकणाऱ्याच्या रंगीत पत्रकात पाहिली आहे.

बाईंचं सगळं असं दोनदा-दोनदा बरं चाललं होतं. मग दादांची मूत्रपिंडं गेली.

दादा म्हणजे बाईंचे थोरले दीर. त्यांचं चष्म्याचं दुकान. वडील गेले तेव्हा बाईंचा नवरा शाळेत होता. दादांनी स्वतःचं शिक्षण सोडलं, दुकानात उभे राहिले आणि धाकट्याला वाढवलं. त्यामुळे दादांचं दुखणं कळल्यावर नवऱ्याने सगळ्या नातेवाइकांसमोर छाती ठोकून सांगितलं, की माझं एक घ्या, मला दोन करायचीत काय. जाऊबाई रडल्या, दादा मान फिरवून बसले, पुतण्याने काकाचे पाय धरले. बाई बाजूला उभ्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांना काय सांगता आलं असतं, देव जाणे.

तपासण्या झाल्या, मूत्रपिंड जुळलं. पण डॉक्टरांनी एक मेख मारून ठेवली. दादांच्या मूत्रपिंडात एक प्रथिन गोळा होऊन बसलं होतं. ते प्रथिन मुळातच चांगलं असेल, तर धाकट्या भावाचं मूत्रपिंड खुशाल लावता येईल. पण त्यात जन्मापासूनची खोट असेल, तर तीच खोट धाकट्यातही असू शकते, मग त्याचं घेण्यात अर्थ नाही. आणि काहीच ठरलं नाही, तर धडधाकट माणसाला आम्ही हात लावणार नाही, दादांनी अनोळखी दात्याची वाट बघावी. रक्ताची जनुकीय तपासणी परगावी पाठवली होती, पण तिचं उत्तर यायला अवकाश होता. दादांना डायलिसिस मानवत नव्हतं, त्यांच्याकडे तेवढा अवकाश नव्हता.

काप तळघरात आला तेव्हा त्यावर नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. पण त्या आठवड्यात मूत्रपिंडाचा दुसरा काप आलाच नव्हता. बाई सरळ मॅडमकडे गेल्या. मॅडम विभागाच्या प्रमुख, बाईंपेक्षा वयाने लहान आणि बोलायला तोडून टाकणाऱ्या. हा माझ्या दिरांचा काप आहे, हे मी करू नये, असं बाईंनी सांगितलं. दोन वेळा सांगितलं. मॅडम म्हणाल्या, दुसरी यंत्र चालवणारी बाळंतपणाच्या रजेवर आहे. तुम्ही चालवा, प्रत्येक रेघ मी बघेन, सही माझी असेल. बाई 'बरं' म्हणाल्या खऱ्या, पण ते बरं होतं की वाईट, याचा विचार त्या जिना उतरेपर्यंत करत राहिल्या.

प्रथिन कुठलं ते पहिल्याच खेपेला कळलं. त्यातलं एक पेप्टाइड मात्र ठरल्या वजनाचं होतं तसंच आणखी एका वजनाचंही दिसत होतं. त्याच्यात चौदा जास्त होते. हायड्रोजनचा अणू ज्या मापात एक भरतो, त्या मापात चौदा. बाईंनी परत मोजलं, तरी चौदाच.

आणि चौदाचे दोन अर्थ होते. त्या पेप्टाइडात व्हॅलिन नावाचा एक मणी होता. त्याच्या जागी ल्युसिन आला तर वजन चौदाने वाढतं, आणि ही अदलाबदल म्हणजे जन्मजात खोट. त्याच्यापासून जवळच ग्लुटामिक आम्लाचा मणी होता. त्याला बाहेरून मिथिलचं एक ठिगळ चिकटलं, तरीही वजन चौदानेच वाढतं, आणि त्याचा जन्माशी काही संबंध नाही. साधं पेप्टाइड आणि जड पेप्टाइड दोन्ही दिसत होते, यावरूनही काही निघेना. आईवडिलांपैकी एकाचीच खोट आलेली असली, तरी असंच दिसतं.

आता बाईंनी काय इच्छा करावी? खोट निघाली तर नवऱ्याच्या पोटावर सुरी फिरणार नाही. पण मग तीच खोट नवऱ्यात असली तर? आणि त्याच्याकडून लेकीत उतरली असली तर? लेक कॉलेजात जाते, आरशासमोर तासभर उभी राहते, तिला यातलं काही ठाऊक नाही. खोट नाही निघाली तर लेक वाचली, पण नवरा टेबलावर गेला. सकाळी अंघोळ करताना बाईंना एक वाटे आणि बसमध्ये जागा मिळेपर्यंत दुसरं. एकदा तर त्यांना वाटलं, दोन्ही नकोत, आणि मग लक्षात आलं की तिसरं म्हणजे दादांना वाऱ्यावर सोडणं. त्या आपल्या उतरायच्या थांब्याच्या पुढे गेल्या.

त्यांनी थोरलीला कामाला लावलं. जड पेप्टाइड वेगळं काढून आपटलं. त्यात प्रोलिनचाही एक मणी होता, आणि प्रोलिन असला की त्याच्या अलीकडे माळ कच्ची असते. झालं, जे फुटलं ते तिथेच. दोन मोठे तुकडे पडले आणि बाकी रेघा नावालाच. जास्तीचे चौदा दुसऱ्या तुकड्यात आहेत, एवढं थोरलीने सांगितलं. पण व्हॅलिनही दुसऱ्याच तुकड्यात, ग्लुटामिकही दुसऱ्याच. म्हणजे काही सांगितलंच नाही. बाईंनी आपटायचा जोर कमी केला, तर पेप्टाइड फुटेना. जोर वाढवला तर नुसता भुगा, ज्यात कुठली कपची कुणाची ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

मग धाकटी. तिची निराळीच तऱ्हा. पेप्टाइडवर भार होते जेमतेम दोन. इलेक्ट्रॉन दिला, पेप्टाइडने तो मुकाट्याने घेतला आणि तसंच्या तसं बसून राहिलं. भार कमी असले की धाकटी अशीच रुसते. बाईंनी इलेक्ट्रॉन देऊन वर हलकासा धक्का देऊन पाहिला, तेव्हा पुसट रेघा उमटल्या. त्या वाचल्या तर चौदा व्हॅलिनवर. परत चालवलं, तर चौदा ग्लुटामिकवर. तिसऱ्यांदा चालवलं, तर दोन्हीकडे थोडे थोडे. बाईंच्या डोक्याचं पार भजं झालं. यंत्राला शंका यायला लागल्या तर आपण कुणाकडे बघायचं, असं त्या खरोखर पुटपुटल्या.

मॅडमनी सगळ्या रेघा पाहिल्या आणि त्याही बराच वेळ कपाळ चोळत बसल्या. मग म्हणाल्या, दोन भारांवर इलेक्ट्रॉन वाया जातोय, दुसरं एन्झाइम घाला. ते कमी ठिकाणी कापेल, तुकडा लांब येईल, त्यावर भार जास्त बसतील. उरलेल्या मालातून एकदाच होईल एवढंच होतं. वर बैठकीला जायला कागद घेऊन निघता निघता त्यांनी दारातून मागे वळून सांगितलं, "यातूनही नाही कळलं तर 'ठरवता येत नाही' असं लिहून देऊ. दोनदाबाई, ओढून-ताणून उत्तर काढायचं नाही."

ओढाताण करावीच लागली नाही. दुपारी सगळे डबे घेऊन वर गेले होते, खोलीत बाई आणि पंख्यांची घरघर. लांब तुकडा आला, त्यावर चांगले पाच भार होते, आणि धाकटीने त्याला असा काही सोडवला की पाहत राहावं. पायरीमागून पायरी, मण्यामागून मणी. प्रोलिनपाशी तेवढी इलेक्ट्रॉनची मात्रा चालत नाही, तिथली एक पायरी गळली होती, पण ती थोरलीने आधीच भरून दिली होती. बाईंनी बोट लावून रेघा मोजल्या. व्हॅलिन आपल्या वजनाचा होता. पुढचा मणी आपल्या वजनाचा. ग्लुटामिक चौदाने जड. त्यांनी उलट्या टोकाकडून मोजलं, तरीही ग्लुटामिकच.

म्हणजे ठिगळ. पण लावलं कुणी? बाई क्षणभर बुचकळ्यात पडल्या, आणि मग त्यांना जे आठवलं त्याने त्यांचे कानच तापले. कापातलं प्रथिन आधी जेलीसारख्या एका थरावर, म्हणजे जेलवर, वेगळं करून निळ्या रंगात बुडवतात, मग तो रंग आम्ल घातलेल्या मिथेनॉलमध्ये धुऊन काढतात. धुणं थोड्या वेळाचं. त्या दिवशी बाईंनी जेलचा तुकडा नळीत धुवायला ठेवला आणि जाऊबाईंचा फोन आला, की दादांना धाप लागलीय, लवकर या. बाई होत्या तशा धावल्या. पुढे सुट्ट्या लागल्या. नळी मिथेनॉलमध्ये तशीच पडून राहिली, आणि मिथेनॉलला एवढी सवड मिळाली की ते आम्लाच्या मण्यांना जाऊन चिकटतंच. त्यांनी बाकीची पेप्टाइडं चाळली. आणखी दोन-तीन ठिकाणी तेच चौदा पुसट बसलेले होते. आधी ते कुणी शोधलेच नव्हते. दादांसाठी जिवाच्या आकांताने धावल्या आणि दादांच्याच प्रथिनात खोट घालून बसल्या. कुलूप दोनदा ओढून बघणाऱ्या बाईने जन्मात एकदाच मागे वळून पाहिलं नव्हतं.

त्यांना हसू आलं आणि लगेच रडूही. लेक सुटली, हे पहिलं सुख. ते पुरतं अंगात मुरायच्या आत दुसरं समोर उभं राहिलं. आता नवऱ्याला टेबलावर जाण्यापासून अडवणारं काही उरलं नव्हतं.

खरं म्हणजे होतं. एक वाक्य होतं, आणि ते मॅडमनीच देऊन ठेवलं होतं. ठरवता येत नाही. आधीच्या सगळ्या पुसट रेघा त्या वाक्याच्या बाजूने साक्ष द्यायला तयार होत्या. ही खेप पुसून टाकून लांब तुकडा नीट आलाच नाही म्हटलं, तर मॅडमनी विश्वास ठेवला असता. मूग गिळून बसायचं, बस्स. दोनदाबाईंना कळलं नाही, याचं आश्चर्य कुणाला वाटलं असतं? जन्मभर गोंधळलेल्या बाईला आता कुठे सगळं लख्ख दिसत होतं, आणि तिला पुन्हा गोंधळून जायचं होतं.

डबा उघडलाच नाही. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, स्वतःच्या हाताकडे पाहिलं. दादांचा सुजलेला चेहरा डोळ्यांपुढे आला आणि त्यांना दादांचा राग आला. मग राग आल्याची लाज वाटली. नवऱ्याचाही आला, एवढी फुशारकी मारून बोलायचं काय अडलं होतं? जिन्यावर मॅडमची पावलं वाजली तेव्हाही बाईंचं काही ठरलं नव्हतं. मॅडम आत आल्या, काय झालं म्हणाल्या, आणि बाईंनी तोंड उघडलं तर आतून खरं तेच बाहेर पडलं. ते त्यांनी ठरवून सांगितलं की नुसतं सुटून गेलं, हे त्यांना कधीच उमगलं नाही. धुण्याचंही सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. दादांच्या मूत्रपिंडाचा जो मेणातला ठोकळा डॉक्टरांनी राखून ठेवला होता, त्यातून त्यांनी नवा काप घ्यायला लावला, या वेळी मिथेनॉलचा थेंब न लावता, आणि सगळं पहिल्यापासून करायला लावलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, नव्या कापात चौदा कुठेच नव्हते. मॅडमनी सही केली.

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा नवरा वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसला होता. लेक मैत्रिणीकडे गेली होती. बाईंनी चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की दादांच्या प्रथिनात खोट नाही, ते चौदा माझ्यामुळे आले होते, डॉक्टर उद्या फोन करतील.

"म्हणजे माझं चालेल?" त्याने विचारलं.

"चालेल."

तो आनंदाने उठेल, दादांना फोन लावेल, लिफ्टवरून काहीतरी बोलेल, असं बाईंना वाटलं होतं. तो टॉवेलची घडी घालत राहिला. घडी झाली, त्याने ती मोडली आणि पुन्हा घालायला घेतली. बाई त्याच्यासमोर बसल्या. त्यांना ते पोटात ठेववेना. काल दुपारभर मी गप्प बसून होते, हे सांगायचं नाही असं मनात आलं होतं, असं त्यांनी सांगितलं. 'ठरवता येत नाही' एवढं लिहिलं असतं तर कुणाला कळलं नसतं. आता हा भडकणार, म्हणून त्या खाली बघत राहिल्या.

"मग सांगितलंस कशाला?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. जे होतं ते बाईंना ओळखता येईना.

"माहीत नाही. खरं होतं म्हणून असेल."

"मी देव पाण्यात घालून बसलो होतो," तो टॉवेलला म्हणाला, "की तसंच येऊ दे. काही कळत नाही म्हणू दे. दादाला तोंड दाखवता आलं असतं आणि सुटलोही असतो. मला फार भीती वाटते गं. त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलून गेलो, तेव्हापासून मी नीट झोपलेलो नाही."

एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य बाईंनी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. बंद लिफ्टच्या खोल विहिरीत दोरावर लोंबकळणारा माणूस तो. शूर नवऱ्याला आपण मरणाच्या दारात ढकलतोय, या विचाराने त्या दुपारभर कुढल्या होत्या. आणि इथे हा भित्रा नवरा, त्यांच्याच एका वाक्याची वाट बघत बसलेला. काल सकाळी हे बोलला असता तर? तर मॅडमना काय सांगितलं असतं? बाईंनी विचार करून पाहिला. एकदा वाटलं, हेच. एकदा वाटलं, नाही.

"नको देऊ या," त्या म्हणाल्या. "मी बोलते दादांशी. माझ्यावर घेते सगळं."

त्याने मान हलवली. ती नको अशी होती की हो अशी, तेही त्यांना चटकन कळलं नाही. मग त्याने खिशातून फोन काढला, अंगठा त्यावर धरला, पण दाबला नाही. त्याने फोन बाईंच्या हातात दिला. "तूच लाव," तो म्हणाला.

बाईंनी लावला आणि त्याच्या कानाशी धरला. पलीकडून दादांचा थकलेला आवाज बाईंनाही ऐकू आला. जेवलास का रे, असं ते विचारत होते.

नवरा जेवला नव्हता. "हो दादा, जेवलो," तो म्हणाला. मग त्याने बाईंचं मनगट फोनसकट घट्ट धरलं आणि माझं चालतंय, असं दादांना सांगितलं.